डोक्याला एक बॅटरी, आवाजाला दुसरी

जिथे भिंतीवर प्लग नाही तिथे डीजे सेट वाजवायचा म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती एमएएचची (मिलिअँपिअर-अवर, बॅटरीच्या साठवणीचं माप) पॉवर बँक घेऊ? मी आधी उलट विचारतो, तुझ्या सेटअपमधली कुठली वस्तू एक क्षण जरी बंद पडली तर गाणं थांबतं, आणि कुठली जरा दमली तरी लोक नाचत राहतात? बॅटरीवर वाजवताना एमएएचच्या आकड्यापेक्षा ही विभागणी जास्त महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे. कंट्रोलर (गाणी हाताळायचा चाकं-बटणांचा पाट), लॅपटॉप, फोन, स्टँडअलोन प्लेअर (लॅपटॉपशिवाय चालणारा), मिक्सर हे सगळं झालं डोकं. स्पीकर, ॲम्प, सब (बेसचा मोठा स्पीकर) हा झाला आवाज. डोकं वॅट कमी खातं पण त्याला करंट अखंड आणि स्थिर लागतो, पापणी लवेपर्यंतचा खंड पडला तरी ते रीस्टार्ट होतं आणि मग स्क्रीनवर लोगो येणार, ड्राइव्ह वाचली जाणार, तोपर्यंत शांतता. आवाजाचं वेगळं, तो भरपूर वॅट खातो, किक (ड्रमचा जड ठोका) पडली की त्याची भूक एकदम वर जाते आणि लगेच खाली येते, पण बॅटरी उतरायला लागली की बहुतेक स्पीकर आधी दिवा लावून किंवा आवाज कमी करून सांगतात. आता ही दोन्ही एकाच बॅटरीवर लावली की काय होतं, बेसला स्पीकर करंट ओढतो, व्होल्टेज खाली बसतं, आणि ज्याला ते सहन होत नाही ते डोकं आधी पडतं. म्हणून शक्य असेल तिथे डोक्याला एक बॅटरी आणि आवाजाला दुसरी, भले दोन्ही लहान असोत.

आता हिशोब. पॉवर बँकवर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला मोजलेलं असतं, बाहेर जे ५ व्होल्ट मिळतात त्याला नाही. म्हणजे खरी साठवण ३.७ व्होल्ट गुणिले २० अँपिअर-अवर, ७४ वॅट-अवर (एक वॅट-अवर म्हणजे एक वॅट तासभर चालेल एवढी वीज). त्यातले दहा-पंधरा टक्के व्होल्टेज वर चढवताना उष्णता होऊन जातात, हातात उरतात साधारण ६३ ते ६६. एकदा वॅट-अवरमध्ये विचार करायची सवय लागली की सगळं सोपं होतं, कारण मग बॅटरी ३.७ ची असो, १२ ची असो की लॅपटॉपची, सगळ्यांना एकाच मापाने मोजता येतं. यूएसबी २ वर चालणारा साधा कंट्रोलर नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ५ व्होल्ट ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट घेऊ शकतो, तो या पॉवर बँकवर २५ तास चालेल. तोच जर २० वॅट खाणारा स्टँडअलोन प्लेअर असेल तर ३ तासांत खेळ खल्लास. एकच पॉवर बँक, एकाला दिवसभर पुरते आणि दुसऱ्याला एक सेट जेमतेम.

आणि हो, अडॅप्टरवर १२ व्होल्ट ३ अँपिअर लिहिलंय म्हणजे यंत्र सतत ३६ वॅट खातं असं नाही. ती अडॅप्टरची मर्यादा आहे. खरा वापर कमी असतो, पण किती कमी ते यंत्रागणिक बदलतं, पॅडचे दिवे फुल ब्राइटनेसला, स्क्रीन चालू, दोन यूएसबी ड्राइव्ह लावलेल्या आणि हेडफोन जोरात असं सगळं असताना मोजलं तर खरा आकडा कळतो. त्यासाठी तो छोटा यूएसबी मीटर मिळतो ना, अंगठ्याएवढा, केबलच्या मधे लावायचा, तो घ्याच. व्होल्ट, अँपिअर आणि एकूण वॅट-अवर तिन्ही दाखवतो. मी कुठलंही नवीन यंत्र बॅटरीवर नेण्याआधी घरी त्या मीटरवर पूर्ण एक सेट वाजवतो आणि शेवटी किती वॅट-अवर गेले ते बघतो, मग त्यात निम्म्याने भर घालून बॅटरी ठरवतो. कागदावरच्या स्पेकपेक्षा माझा या आकड्यावर जास्त विश्वास आहे.

पॉवर बँकच्या तीन सवयी अशा आहेत की त्या बॉक्सवर कुणी छापत नाही आणि नेमक्या सेटमधे नडतात.

पहिली, दुसरी केबल लावली की पहिली झटका खाते. दोन-तीन पोर्टच्या पॉवर बँकेत यूएसबी-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी, यंत्राशी बोलून व्होल्टेज ठरवणारी पद्धत) असेल तर नवीन काही जोडल्यावर ती कुठल्या पोर्टला किती वॅट द्यायचे ते परत ठरवते, आणि बऱ्याच मॉडेलमधे त्या वेळी सगळे पोर्ट क्षणभर बंद होतात. म्हणजे तुमचा कंट्रोलर मस्त चालू आहे, कुणीतरी येऊन म्हणतो भाऊ माझा फोन जरा चार्जिंगला लाव, तुम्ही केबल खुपसता, मीटरवर ५.०८ वरून आकडा शून्य, परत ५.०८, आणि कंट्रोलरचे सगळे दिवे उलटसुलट नाचून नव्याने सुरू. केबल काढतानाही तेच होतं. डोक्याच्या पॉवर बँकेला सेट संपेपर्यंत दुसरं काहीही लावायचं नाही, लावू द्यायचं नाही, यावर मी अगदी कडक आहे.

दुसरी सवय म्हणजे स्वतःहून बंद होणं. फोन पूर्ण चार्ज झाला की पॉवर बँकेने झोपायचं असतं म्हणून करंट फार कमी झाला की ती आउटपुट कापते. साधारण ५० ते १०० मिलिअँपिअरच्या खाली गेलं की बऱ्याच जणी झोपतात. छोटा ब्लूटूथ रिसीव्हर, यूएसबीवरचा एखादा एलईडी दिवा किंवा साधासा ऑडिओ इंटरफेस एवढं कमी खातो की अर्ध्या मिनिटात अंधार. काही पॉवर बँकेत लो करंट मोड असतो, बटण दोनदा दाबून किंवा दाबून धरून चालू करायचा, घेताना तो आहे का बघा.

तिसरी, पास-थ्रू. भिंतीचा चार्जर पॉवर बँकेला आणि पॉवर बँक यंत्राला, म्हणजे लाइट गेली तरी चालू राहील, असं सगळ्यांना वाटतं. पण पॉवर बँक म्हणजे यूपीएस नाही. चार्जर काढला की आतलं सर्किट बाहेरच्या करंटवरून सेलवर उडी मारतं आणि त्या उडीत आउटपुट तुटतं. काही मॉडेलमधे तुटत नाही, ते घरी चार्जर काढून-लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

केबलबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण निम्म्या तक्रारी इथे सुटतात आणि लोक मात्र कंट्रोलरला दोष देत बसतात. स्वस्त बारीक यूएसबी केबलमधल्या पॉवरच्या तारा बऱ्याचदा २८ गेजच्या असतात (गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी तार बारीक). २८ गेज तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. दोन मीटरची केबल घेतली तर करंट जाताना दोन मीटर आणि परत येताना दोन मीटर, मिळून सुमारे ०.८५ ओहम. अर्धा अँपिअर ओढला तर ०.४ व्होल्ट केबलमधेच गेले, यंत्राला मिळाले ४.६. एक अँपिअर ओढला तर ४.१५, आणि एवढ्यावर बहुतेक यंत्रं एक तर चालू होत नाहीत किंवा हेडफोनचा आवाज वाढवला की यूएसबी कनेक्शन सुटतं. त्याच लांबीची २४ गेजची केबल घेतली तर एक अँपिअरला जेमतेम ०.३ व्होल्ट जातात. म्हणून केबल आखूड आणि जाड घ्या. पॉवर बँक टेबलाखाली बॅगेत ठेवून लांब केबल वर आणण्यापेक्षा ती टेबलाच्या खालच्या बाजूला वेल्क्रोने चिकटवा आणि अर्ध्या मीटरची केबल वापरा.

आता ज्यांना ५ व्होल्ट पुरत नाहीत, ९, १२, १५ व्होल्टचा गोल पिनचा अडॅप्टर लागतो, अशा मिक्सर आणि प्लेअरचं बघू. इथे चार गोष्टी जुळायला हव्यात आणि चारही महत्त्वाच्या आहेत. व्होल्टेज तेच हवं. करंट लिहिल्याएवढा किंवा जास्त चालतो, यंत्र हवा तेवढाच ओढतं, त्यामुळे २ अँपिअरच्या जागी ५ अँपिअरचा लावला तर काही बिघडत नाही. पिनची मापं सारखी दिसतात पण ५.५ मिमी बाहेरच्या व्यासाला आतलं भोक २.१ की २.५ मिमी हा फरक असतो, २.५ चा प्लग २.१ च्या सॉकेटमधे जातो पण आत सैल बसतो आणि टेबल हललं की करंट तुटतो. आणि पोलॅरिटी, मधली पिन प्लस की माइनस, ते गोल चिन्ह यंत्रावर आणि अडॅप्टरवर दोन्हीकडे बघायचं. गिटारच्या पेडलच्या दुनियेत मधली पिन माइनस असणं सर्रास आहे, त्यामुळे गिटारवाल्या मित्राचा ९ व्होल्टचा अडॅप्टर पटकन उचलून लावू नका. आणखी एक, काही जुन्या छोट्या मिक्सरच्या अडॅप्टरवर ९ किंवा १५ व्होल्ट लिहिलेलं असतं पण पुढे एसी असतं, डीसी नाही. असे मिक्सर आत एसीपासून प्लस आणि माइनस असे दोन पुरवठे तयार करतात, त्यांना कुठलीही डीसी बॅटरी थेट चालत नाही. त्यांच्यासाठी इन्व्हर्टर लागेल, नाहीतर सरळ दुसरा मिक्सर बघा.

यूएसबी-सी पीडीवरून हे व्होल्टेज काढायला ट्रिगर केबल मिळतात, एका टोकाला सी आणि दुसऱ्याला गोल पिन. मला त्या फार आवडतात, एक अख्खी अडॅप्टरची पिशवी कमी होते. पण एक मेख आहे, पीडीची ठरलेली व्होल्टेज ५, ९, १५ आणि २० अशी आहेत, १२ ऐच्छिक आहे. आणि आपल्या डीजे गियरला नेमके १२ लागतात. तुमच्या पॉवर बँकेत १२ नसेल तर १२ ची ट्रिगर केबल गपचूप ९ किंवा ५ वर येते, यंत्र अर्धवट चालू होतं, दिवे लागतात पण आवाज फाटका येतो, आणि लोक बॅटरी खराब म्हणून फेकतात. पॉवर बँकेच्या मागच्या बारीक अक्षरात १२ व्होल्ट आणि पुढे किती अँपिअर ते वाचा. नसेल तर १५ किंवा २० ची ट्रिगर घेऊन पुढे १२ चा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली उतरवणारं सर्किट) लावायचा, तो जास्त भरवशाचा मार्ग आहे. आणि ६० वॅटच्या वर जायचं असेल तर केबलमधे ई-मार्कर चिप (केबल किती करंट झेपवते ते सांगणारी) असलेली ५ अँपिअरची केबल लागते, साध्या सी केबलमधून ३ अँपिअरच्या पुढे मिळणार नाही. २०२१ पासून पीडी २४० वॅटपर्यंत गेलंय पण एवढी गरज पोर्टेबल डीजेला क्वचितच.

आतच बॅटरी असलेली यंत्रं आता मिळतात आणि ज्याला फक्त उघड्यावरच वाजवायचंय त्याने सरळ तीच घ्यावीत असं मी म्हणेन. डेनॉन डीजेचा प्राइम गो २०२० चा, कंपनी साधारण ४ तास सांगते. अल्फाथीटाचा ऑम्निस-ड्युओ २०२४ चा, तो ५ तास. लॅपटॉप नाही, अडॅप्टर नाही, आणि आतली बॅटरी असल्यामुळे बाहेरची पॉवर बँक निघाली तरी डोकं चालूच राहतं, हा खरा फायदा. पायोनियरच्या डीडीजे-२०० सारखा हलका कंट्रोलर फोनशी ब्लूटूथवर बोलतो आणि करंट पॉवर बँकेतून घेतो, तेही छान आहे, कारण फोनची बॅटरी कंट्रोलरला द्यावी लागत नाही. उलट केबलने फोनला किंवा टॅबलेटला जोडायचा बस-पॉवर्ड (जोडलेल्या यंत्रातूनच वीज घेणारा) कंट्रोलर असेल तर त्याला वेगळा पॉवर पोर्ट आहे का बघा, नसेल तर मधे पॉवर मिळणारा हब लावा. फोन एकीकडे स्वतः स्क्रीन जाळतोय आणि दुसरीकडे कंट्रोलर पोसतोय असं तासभर चाललं की फोन तापतो आणि मग वेग कमी करतो.

स्क्रॅचवाल्यांचं (रेकॉर्ड बोटाने मागेपुढे करून वाजवणाऱ्यांचं) जग अजून सेलवर चालतं आणि मला त्याचं कौतुक आहे. न्यूमार्कच्या पीटी०१ स्क्रॅच या टर्नटेबलमधे मोठे डी साइजचे ६ सेल बसतात. अल्कलाइन सेल दीड व्होल्टचे, सहा मिळून ९ व्होल्ट. रिचार्जेबल निकेल सेल १.२ चे, म्हणजे ७.२ व्होल्टच, काही टर्नटेबलला एवढ्यात भागतं, काहींची प्लॅटर (फिरती तबकडी) जोर कमी पडल्यासारखी वागते आणि बोटाखाली लगेच जाणवतं. आणि डी साइजचे स्वस्त रिचार्जेबल घेताना एमएएच वाचा, बऱ्याचदा मोठ्या डब्यात पेन्सिल सेलएवढीच ताकद भरलेली असते.

लॅपटॉप. बॅटरीवर गेला की तो आपोआप पॉवर सेव्हिंगमधे जातो, प्रोसेसर मंद होतो आणि आवाज तडतडायला लागतो. पॉवर मोड परफॉर्मन्सवर ठेवा, विंडोज असेल तर यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (यूएसबी पोर्ट झोपवणारी सेटिंग) बंद करा, सॉफ्टवेअरमधला ऑडिओ बफर एक पायरी वाढवा. स्क्रीन कमी करा, तिथेच बरेच वॅट वाचतात. एवढं पुरे.

आवाजाकडे वळू. स्पीकरवर १००० वॅट छापलंय म्हणून हजार वॅटची बॅटरी शोधू नका. तो क्षणिक शिखराचा आकडा असतो. गाण्यात शिखरं उंच आणि सरासरी बरीच खाली असते, म्हणूनच ॲम्प बनवणारे खरा वीजवापर सांगताना पूर्ण पॉवरच्या एक अष्टमांशावर मोजतात. क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा) ॲम्प असलेला मध्यम पोर्टेबल स्पीकर गप्पांच्या वर ऐकू येईल एवढ्या आवाजात वीस-तीस वॅट सरासरी खातो असं मला मीटरवर दिसलंय, आणि फेडर (आवाजाची सरकपट्टी) पूर्ण वर, लिमिटरचा (आवाज मर्यादेत अडवणाऱ्या सर्किटचा) लाल दिवा सतत लागलेला असा वाजवला तर तोच आकडा कितीतरी वर जातो. बोझचा एस१ प्रो ११ तास चालतो, जेबीएलचा इऑन वन कॉम्पॅक्ट १२ तास, हे कंपनीचे आकडे आहेत आणि ते मध्यम आवाजाचे. दणक्यात वाजवणार असाल तर निम्मे धरा, त्याहूनही कमी. जेबीएलच्या त्या मॉडेलची आणि साउंडबॉक्स कंपनीच्या स्पीकरची बॅटरी काढून बदलता येते, मी ही सोय सगळ्यात वर ठेवतो. दोन स्पीकर असतील तर एकाची बदलताना दुसरा चालू, आणि डोकं वेगळ्या बॅटरीवर असल्यामुळे मिक्स तसाच पुढे.

मोठे स्पीकर असतील तर १२ व्होल्टची बॅटरी आणि इन्व्हर्टर किंवा तयार पॉवर स्टेशन. इन्व्हर्टर प्युअर साइनचाच (भिंतीच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) घ्या, मॉडिफाइड साइनवर ट्रान्सफॉर्मरवाली यंत्रं गरम होतात आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत राहतो. इन्व्हर्टर स्वतःही खातो, लोड नसताना दहाएक वॅट आणि चालताना दहा-पंधरा टक्के. म्हणून जे डीसीवर चालू शकतं ते डीसीवरच चालवा, बॅटरीचे १२ करून २३० करायचे आणि मग अडॅप्टरने परत १२ करायचे यात दोनदा नुकसान आहे. पण १२ व्होल्टच्या यंत्राला १२ व्होल्टची बॅटरी थेट जोडू नका, मधे रेग्युलेटर हवा, कारण भरलेली लेड-ॲसिड स्वस्थ बसलेली असताना १२.७ ला असते, चार्ज होताना १४ च्या वर, आणि उतरली की १२ च्या खाली. गाडीच्या सॉकेटवर तर इंजिन सुरू करताना व्होल्टेज १० च्याही खाली डुबकी मारतं, डोकं तिथे लावू नका.

बॅटरीच्या जातीबद्दल माझं मत सरळ आहे, पाठीवर किंवा हातात उचलून न्यायचं असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड दोन किलोच्या वर भरते, हिशोबाने ८४ वॅट-अवर, पण ती निम्म्याच्या खाली नेली की लवकर मरते म्हणून वापरायला ४२. त्यात ७ हा आकडा २० तासांत हळूहळू उतरवून मोजलेला, तासाभरात ओढलं तर त्याहून बरंच कमी मिळतं. १२.८ व्होल्ट २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट अडीच-तीन किलोत २५६ वॅट-अवर देते, जवळजवळ सगळे वापरता येतात, आणि शेवटपर्यंत व्होल्टेज फारसं पडत नाही. अर्थात तोच तिचा त्रासही आहे, व्होल्टेज बघून किती उरलंय ते कळत नाही, आणि संपली की बीएमएस (बॅटरीतलं रक्षण करणारं सर्किट) एकदम तोडतो. तिच्यावर वॅट-अवर मोजणारा मीटर लावाच. आणि कुठलीही मोठी बॅटरी असो, प्लसच्या टोकापासून अगदी जवळ फ्यूज. या बॅटऱ्या शॉर्ट झाल्या तर शेकडो अँपिअर सोडू शकतात, तार लाल व्हायला वेळ लागत नाही.

आता स्पीकरमधून येणाऱ्या गुणगुणीबद्दल, लोक मला हेच सगळ्यात जास्त विचारतात. पॉवर बँकेवर आल्यावर भिंतीच्या अर्थिंगची घूं जाते पण त्याजागी कधी कधी बारीक शिट्टी येते, स्क्रीनवर काही सरकवलं किंवा जॉग (कंट्रोलरचं चाक) फिरवला की तिचा सूर बदलतो. कंट्रोलर आणि स्पीकर, किंवा फोन आणि मिक्सर, एकाच पॉवर बँकेवर असले की असं होतं, कारण ग्राउंड दोन वाटांनी जोडला जातो, एकदा यूएसबीतून आणि एकदा ऑडिओ केबलच्या जाळीतून, आणि डिजिटल सर्किटचा कचरा त्या चक्रात फिरतो. वेगळ्या बॅटरीवर टाकलं की वीजेची वाट तुटते आणि शिट्टी बंद. तेही जमत नसेल तर ऑडिओच्या वाटेत ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर किंवा डीआय बॉक्स (तारा थेट न जोडता फक्त ध्वनी पुढे नेणारे डबे), आणि लांब अंतराला बॅलन्स्ड एक्सएलआर केबल (बाहेरची गुणगुण वजा करणारी). जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर असताना गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणी काढू नका, ती पिन जीव वाचवायला आहे.

विमानाने जात असाल तर १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी केबिन बॅगेत चालते, १०० ते १६० साठी एअरलाइनची परवानगी लागते, आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इनमधे टाकायच्याच नाहीत. २७,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ९९.९ वॅट-अवर, त्या आकड्याच्या एवढ्या पॉवर बँका बाजारात का दिसतात ते यावरून कळतं. वरच्या २५६ वाल्या बॅटरीला प्रवासी विमानात जागा नाही, तिथे पोचून भाड्याने घ्यावी लागते, आणि अशा वेळी डोक्याची छोटी पॉवर बँक आपली, ओळखीची, आणि आवाजाची मोठी बॅटरी तिथली, अशी विभागणी आयतीच होते.

ठेवण्याबद्दल शेवटचं. काही आठवडे वापर नसेल तर लिथियम अर्धी भरलेली ठेवा, पूर्ण भरून उन्हात तापलेल्या गाडीत ठेवली तर तिची क्षमता वेगाने कमी होते, आणि शून्याखालच्या थंडीत ती चार्जला लावू नका. लेड-ॲसिडचं बरोब्बर उलटं, ती कायम पूर्ण भरलेली हवी, अर्धी ठेवली की प्लेटवर सल्फेटचा थर चढतो.